एमडी-पीएचडी: दुहेरी पदवीच्या प्रवेशासाठी काय लागते

अमेरिकेतील एमडी-पीएचडी हा एकाच विद्यार्थ्याला डॉक्टर आणि संशोधक अशा दोन्ही कामांसाठी तयार करणारा जोड अभ्यासक्रम आहे. तो पुरा व्हायला सरासरी आठ वर्षे लागतात. पहिली दोनेक वर्षे इतर वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर वर्गात जातात, मग तीन ते पाच वर्षे प्रयोगशाळेतले काम आणि पीएचडीचा प्रबंध, आणि शेवटी पुन्हा रुग्णालयात येऊन वॉर्डातले शिक्षण. यातली एमडी म्हणजे भारतात एमबीबीएसनंतर घेतली जाणारी एमडी नव्हे. ती तिकडची डॉक्टरकीची पहिलीच पदवी. तिच्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पुढचे प्रशिक्षण, असतेच. त्यामुळे बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी आत शिरलेला विद्यार्थी स्वतःची प्रयोगशाळा उघडतो तेव्हा चाळिशी जवळ आलेली असते. प्रवेश समित्या इतक्या चोखंदळ का असतात, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. उरलेले निम्मे पैशात आहे. बहुतेक ठिकाणी या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क माफ असते आणि वर निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. कर्ज काढून साधी एमडी करणारा विद्यार्थी तिकडे साधारण २ लाख डॉलरचे ओझे घेऊन बाहेर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे वजन कळते.

असा पहिला अभ्यासक्रम १९५६ साली क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात सुरू झाला. त्याच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक फेरिद मुराद. स्थलांतरित कुटुंबातल्या या तरुणाला शुल्कमाफी आणि थोडेसे विद्यावेतन यांचे आकर्षण संशोधनाइतकेच होते. १९९८ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी १९९४ मध्ये ते मिळवणारे आल्फ्रेड गिलमन हेही त्याच अभ्यासक्रमातून बाहेर पडले होते. १९६४ मध्ये केंद्र सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ अर्थात एनआयएच या संस्थेने ‘मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम’ या नावाने अनुदान द्यायला सुरुवात केली. आल्बर्ट आइन्स्टाइन, न्यू यॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न ही पहिली तीन महाविद्यालये. आज अमेरिकेत शंभराहून अधिक ठिकाणी एमडी-पीएचडी करता येते आणि त्यातल्या पन्नासहून अधिक अभ्यासक्रमांना हे अनुदान आहे. तरीही संशोधन करणारे डॉक्टर कमीच. १९७९ साली जेम्स वाइनगार्डन यांनी एका गाजलेल्या लेखात अशा डॉक्टरांची गणना नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींत केली होती. २०१४ मध्ये एनआयएचच्याच एका अहवालाने केलेल्या मोजणीत देशातल्या डॉक्टरांपैकी जेमतेम दीड टक्का संशोधक निघाले.

प्रवेशाची पहिली पायरी म्हणजे चार वर्षांची बॅचलर पदवी. भारतात बारावीनंतर नीट दिली की थेट वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. अमेरिकेत आधी पदवी पुरी करावी लागते आणि ती कोणत्याही विषयातली चालते. जीवशास्त्र, जैवरसायन, अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, क्वचित तत्त्वज्ञानसुद्धा. मात्र पदवी करताना काही विषय पदरात पाडून घ्यावे लागतात. जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र यांचा प्रत्येकी साधारण वर्षभराचा अभ्यास प्रात्यक्षिकांसह, त्यावर जैवरसायन, गणित किंवा संख्याशास्त्र, आणि इंग्रजी लेखन. प्रत्येक महाविद्यालयाची यादी थोडी वेगळी असते. काहींनी तर सक्तीचे विषय काढून टाकून ‘या या गोष्टी विद्यार्थ्याला यायला हव्यात’ एवढेच सांगायला सुरुवात केली आहे. पीएचडी ज्या विभागात करायची त्याच्या अपेक्षा याखेरीज. जैवअभियांत्रिकीला जाणाऱ्याकडे गणित भरपूर हवे, हे कोणी लेखी सांगत नाही, पण प्रवेश समितीतला त्या विभागाचा प्राध्यापक तेच आधी पाहतो.

पीएचडी जीवशास्त्रातच करावी लागते असेही नाही. काही विद्यापीठांत मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, विज्ञानाचा इतिहास असे विषय घेता येतात. हैतीत आरोग्यसेवा उभी करणारे पॉल फार्मर यांनी हार्वर्डमधून एमडीबरोबर मानववंशशास्त्रातली पीएचडी १९९० मध्ये घेतली होती. अशा जागा मोजक्याच, आणि त्यांना अनुदान मिळवणे अधिक अवघड.

गुणांचा भाग सांगायला सोपा आणि विद्यार्थ्यांची झोप उडवणारा. पदवीतले गुण ४ पैकी सरासरीने मोजले जातात. अर्ज गोळा करणारी मध्यवर्ती सेवा, ॲमकॅस, ही सरासरी स्वतः नव्याने काढते. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय त्यात धरला जातो, नापास होऊन पुन्हा दिलेला असला तरी दोन्ही वेळचे गुण मोजतात. शिवाय जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी दाखवली जाते. प्रवेश मिळालेल्यांची एकूण सरासरी ३.८ च्या आसपास असते.

दुसरा आकडा एमकॅट या प्रवेश परीक्षेचा. विश्रांतीचा वेळ धरून साडेसात तास चालणारी ही परीक्षा २०१५ पासून सध्याच्या रूपात आहे. चार भाग, २३० प्रश्न. भौतिक-रासायनिक पाया, जीवशास्त्र-जैवरसायन, मानसशास्त्र-समाजशास्त्र, आणि चौथा भाग निव्वळ उताऱ्यांच्या आकलनाचा, ज्यात पाठांतराचा काडीइतकाही उपयोग नाही. प्रत्येक भागाला ११८ ते १३२ आणि एकूण ४७२ ते ५२८ गुण असतात. ५०० हा मधला आकडा. एमडी-पीएचडीत शिरलेल्यांची सरासरी ५१६ च्या घरात आहे, साध्या एमडीवाल्यांपेक्षा चार-पाच गुणांनी वर. एका वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदा ही परीक्षा देता येते, पण गुण सहसा दोन-तीन वर्षेच ग्राह्य धरतात. पीएचडीसाठी पूर्वी काही ठिकाणी मागितली जाणारी जीआरई आता बहुधा लागत नाही.

नीटच्या गुणवत्ता यादीची सवय असलेल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. अमेरिकेत अशी यादी लागत नाही. ५२० वाला नाकारला जातो आणि ५१२ वाला घेतला जातो, आणि त्यात कुणाला घोटाळा दिसत नाही. गुण दाखवतात ते एवढेच, की हा विद्यार्थी वैद्यकीय अभ्यासाचा रेटा सोसू शकेल. त्यापुढची निवड दुसऱ्याच गोष्टींवर होते, आणि त्यात सर्वांत वरची गोष्ट म्हणजे आधी केलेले संशोधन.

या संशोधनाला तासांचा किंवा वर्षांचा लेखी किमान नियम बहुतेक ठिकाणी नाही. व्यवहारात मात्र दोन-तीन वर्षांचा सलग अनुभव नसलेला अर्ज क्वचितच पुढे सरकतो. नेहमीची वाट अशी: दुसऱ्या वर्षात एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिरायचे, सुरुवातीला जेल ओतायची, पेशींना दर दोन दिवसांनी नवे माध्यम द्यायचे, उंदरांचे पिंजरे सांभाळायचे, पुढच्या उन्हाळ्यात पूर्णवेळ थांबायचे, आणि चौथ्या वर्षापर्यंत स्वतःचा म्हणता येईल असा एखादा प्रश्न हाती घ्यायचा. चार प्रयोगशाळांत प्रत्येकी दोन महिने काढल्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन वर्षे घालवल्याला जास्त किंमत आहे. कारण उघड आहे. दोन महिन्यांत तंत्र शिकता येते, पण फसलेला प्रयोग पुन्हा उभा करणे, तो का फसला याचा माग काढणे आणि मूळ कल्पनाच चुकीची होती हे मान्य करणे, यांना वेळ लागतो. पीएचडीची चार वर्षे मुख्यतः याच कामात जाणार असतात. ज्याने ते चाखलेले नाही त्याला आठ वर्षांच्या करारात बांधून घेणे समितीला धोक्याचे वाटते.

शोधनिबंधात नाव असलेच पाहिजे असा समज विद्यार्थ्यांत फार पसरलेला आहे. तो बरोबर नाही. निबंध असला तर चांगलेच, पण पदवीच्या वयात तो असणे पुष्कळदा प्रयोगशाळेच्या वेळापत्रकावर आणि नशिबावर ठरते. परिषदेत लावलेले पोस्टर, पदवीचा प्रबंध, विभागात दिलेले भाषण यांनाही मान आहे. समिती शोधते ते आकलन: प्रश्न कोणता होता, तो महत्त्वाचा का, नियंत्रण गट कोणता ठेवला, निकालाचा दुसरा अर्थ निघू शकतो का. निबंधात पाचव्या क्रमांकावर नाव असलेला आणि या प्रश्नांपुढे गप्प झालेला विद्यार्थी, निबंध नसलेल्या पण आपल्या फसलेल्या प्रयोगाबद्दल वीस मिनिटे बोलू शकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे फिका पडतो.

हा अनुभव पदवीच्या चार वर्षांत पुरा होतोच असे नाही, म्हणून बरेच जण पदवीनंतर एक-दोन वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून राबतात किंवा मेरीलँडमध्ये एनआयएचच्या आवारात पदवीधरांसाठी असलेल्या सशुल्क नव्हे तर सवेतन प्रशिक्षणात जातात. या वर्षांना कोणी वाया गेलेली वर्षे म्हणत नाही.

संशोधनाच्या इतक्या गजरात अर्जदार एक गोष्ट विसरतात, की त्यांना डॉक्टरही व्हायचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाची समिती रुग्णांशी आलेला संबंध तपासते. डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचे काम पाहणे, रुग्णालयात किंवा मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषागृहात स्वयंसेवा, रुग्णवाहिकेवरचे काम, डॉक्टरांसाठी नोंदी लिहून देणे, यांतले काहीतरी लागते. साध्या एमडीच्या अर्जदाराइतके तास नसले तरी चालते, शून्य चालत नाही. इथे समितीचा प्रश्न सरळ असतो: संशोधनच करायचे असेल तर पीएचडी पुरे, आणि रुग्णच तपासायचे असतील तर एमडी पुरे, मग दोन डगरींवर पाय कशासाठी? फुकट शिक्षण हे त्याचे खरे उत्तर असलेले अर्जदारही असतात. समित्या त्यांना ओळखायला शिकल्या आहेत.

शिफारसपत्रे किमान तीन लागतात आणि व्यवहारात पाच-सहा जातात. ॲमकॅसमधून दहापर्यंत पाठवता येतात. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांची पत्रे असतात; काही कॉलेजांत वैद्यकीय सल्लागार समितीचे एकत्रित पत्र निघते. पण अर्जाचे खरे वजन ज्या मार्गदर्शकांकडे संशोधन केले त्यांच्या पत्रात असते. ज्या ज्या प्रयोगशाळेत लक्षणीय काळ काम केले तिथल्या प्रत्येक प्रमुखाचे पत्र अपेक्षित आहे, आणि एखादे गाळले तर ते का गाळले हा प्रश्न मुलाखतीत येतो. ‘मेहनती, वक्तशीर, सर्वांशी मिळून राहतो’ अशा धर्तीचे पत्र इथे जवळजवळ नकारार्थी वाचले जाते. पत्रात हवे असते ते एखादे नेमके उदाहरण, विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली चूक किंवा मार्गदर्शकाला न सुचलेला प्रयोग. असे पत्र ओळखीवर मिळत नाही, त्यासाठी मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला काम करताना पाहिलेले असावे लागते. मोठ्या नावाच्या प्राध्यापकाच्या चाळीस जणांच्या प्रयोगशाळेत हरवून जाण्याचा तोटा नेमका इथे भोवतो.

लेखन तिपटीने करावे लागते. सर्व वैद्यकीय अर्जदारांसाठी असलेला ५,३०० अक्षरांपर्यंतचा वैयक्तिक निबंध, दोन्ही पदव्या का हव्यात हे सांगणारा ३,००० अक्षरांचा निबंध, आणि केलेल्या संशोधनाचा १०,००० अक्षरांपर्यंतचा वृत्तांत. या मोजणीत रिकाम्या जागाही येतात. तिसऱ्या निबंधात प्रत्येक प्रकल्पाचे ठिकाण, मार्गदर्शक, प्रश्न आणि त्यात आपला वाटा नेमका किती, हे लिहायचे असते. ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांतली सीमा इथे प्रामाणिकपणे आखावी लागते, कारण तोच मजकूर घेऊन मुलाखतकार समोर बसतो. याशिवाय पंधरापर्यंत उपक्रमांची नोंद, आणि अर्ज पोहोचल्यावर प्रत्येक महाविद्यालय पाठवते ती पुरवणी प्रश्नावली. वीस ठिकाणी अर्ज करणाऱ्याचा उन्हाळा त्यातच संपतो.

वेळापत्रक वर्षभराहून लांब आहे. अर्जाची खिडकी मे महिन्याच्या सुरुवातीला उघडते आणि तो मेअखेरीपासून सादर करता येतो. प्रवेश मात्र पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. गर्दीच्या काळात नुसत्या गुणपत्रिका पडताळण्यात सहा आठवडे जातात, त्यामुळे जूनमध्ये पाठवलेला आणि ऑगस्टमध्ये पाठवलेला अर्ज यांत बराच फरक पडतो. शुल्क पहिल्या महाविद्यालयासाठी पावणेदोनशे डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकासाठी पन्नासच्या आत, आणि पुरवणी अर्जाचे वेगळे. ऐपत नसलेल्यांना शुल्कात सवलत मिळते. टेक्सासमधील सरकारी महाविद्यालयांची अर्जव्यवस्था स्वतंत्र आहे.

मुलाखती साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. एमडीच्या उमेदवाराची मुलाखत एखाद्या दिवसात आटोपते. इथे दोन दिवस लागू शकतात आणि चार ते आठ प्राध्यापकांना स्वतंत्रपणे भेटावे लागते. २०२० नंतर यातले बरेच काम पडद्यावर होऊ लागले. प्राध्यापक बहुधा उमेदवाराच्या विषयाबाहेरचे असतात, आणि ते हेतुपुरस्सर. मेंदूवर काम केलेल्या विद्यार्थ्याला आपले काम विषाणूतज्ज्ञाला समजावता येते का, हे पाहायचे असते. पुढचा प्रयोग कोणता कराल, हवे तितके पैसे मिळाले तर काय शोधाल, तुमच्या निष्कर्षावर सर्वांत मोठा आक्षेप कोणता, असे प्रश्न हटकून येतात. एमडीची वेगळी मुलाखत असते, आणि जेवणाच्या वेळी भेटणारे जुने विद्यार्थीही गप्पांच्या ओघात अंदाज घेत असतातच.

निवड दुहेरी होते. एमडी-पीएचडीची समिती शिफारस करते आणि वैद्यकीय प्रवेश समिती शिक्कामोर्तब करते. क्वचित पीएचडीच्या विभागाचीही संमती लागते. एका दाराने नकार दिला की दोन्ही बंद. काही महाविद्यालये अशा उमेदवाराचा साध्या एमडीसाठी विचार करतात, काही करत नाहीत, आणि हे अर्ज करण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. दरवर्षी दोन हजारांच्या आसपास अर्जदारांतून सुमारे ७०० जण आत जातात. तीनात एक हे प्रमाण वरकरणी सोपे दिसते, पण अर्ज करणारे मुळातच चाळून आलेले असतात. ज्यांच्या हाती अनेक जागा आहेत त्यांना ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडाव्या लागतात, आणि त्या सुटलेल्या जागांवर प्रतीक्षा यादी हलते. बाहेरून न मिळालेल्यांसाठी एक छोटी खिडकी उरते: काही ठिकाणी एमडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आतून अर्ज करू शकतात.

आता नागरिकत्वाचा मुद्दा, जो गुणांपेक्षाही कठोर आहे. एनआयएचचे प्रशिक्षण अनुदान फक्त अमेरिकेच्या नागरिकांवर आणि ग्रीन कार्ड असलेल्या कायम रहिवाशांवर खर्च करता येते. त्यामुळे बरेच अभ्यासक्रम इतरांचे अर्ज स्वीकारतच नाहीत. स्वतःचा निधी असलेली काही श्रीमंत खासगी विद्यापीठे परदेशी विद्यार्थी घेतात, पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या. याची झळ तिथल्या मराठी घरांनाही बसते. आईवडील एच-१बी व्हिसावर असतील आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असतील, तर लहानपणी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आलेली, तिथेच शाळा शिकलेली मुलगी या अर्जापुरती परदेशीच ठरते. एकविसाव्या वर्षी पालकांवर अवलंबून असलेला तिचा व्हिसाही संपतो. तिच्याच घरात अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावाला हे दार सताड उघडे असते.

भारतात शिकलेल्यांची अडचण आणखी निराळी. पुण्याच्या आयसरमधून उत्तम गुणांनी आणि चांगल्या संशोधनासह बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यालाही बहुतेक महाविद्यालये आधी अमेरिकी किंवा कॅनेडियन पदवी, निदान वर्ष-दोन वर्षांचे तिथले विषय, मागतात. एमबीबीएस झालेल्याला पुन्हा एमडीला बसण्यात अर्थ नसतो, कारण ती पदवी त्याच्याकडे आहेच. त्याने नुसत्या पीएचडीला अर्ज करावा, नाहीतर परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सीत शिरावे आणि तिथली संशोधनाची वाट धरावी. अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनच्या संशोधन मार्गात इंटर्नल मेडिसिनचे प्रशिक्षण दोन वर्षांत आटोपते आणि किमान तीन वर्षे ८० टक्के वेळ प्रयोगशाळेला देता येतो. पीएचडीची पदवी या मार्गात मिळत नाही, काम मात्र तेच होते.